झोपेत अंग जखडतं, आणि खोलीत कुणीतरी असतं

उत्तररात्र:

या महिन्यातली ही तिसरी वेळ, म्हणून आज लिहायला बसले.

पहाटे कधीतरी जाग आली. मी उताणी होते. डोळे उघडे, वर पंखा फिरतोय, खिडकीची चौकट दिसतेय, खुर्चीवर रात्री टाकलेली ओढणीसुद्धा ओळखू येतेय. म्हणजे हे स्वप्न नाही, अशी पक्की खात्री. कूस बदलावी म्हटलं तर हात जागचा हलेना. मान हलेना. तेवढ्यात दाराकडून कुणीतरी आलं. पावलं ऐकू आली असं म्हणणार नाही, पण 'आलं' हे कळलं. मग डावीकडची गादी दबली. कुणी येऊन बसलं की दबते ना, अगदी तशी, आधी कड आणि मग हळूहळू माझ्या बरगडीपर्यंत. आणि छातीवर वजन. नवऱ्याला हाक मारतेय, तर घशातल्या घशात नुसता वारा. तो हातभर अंतरावर गाढ झोपलेला. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. एकदम काहीतरी सुटलं आणि मी उठून बसले. पाठ घामानं भिजलेली. डावीकडच्या गादीवर हात फिरवून पाहिला. गार होती.

सकाळी घरात सांगितलं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काहीतरी मागे लागलंय तुझ्या, दुर्लक्ष करू नकोस." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, स्लीप पॅरालिसिस म्हणतात त्याला. काही नसतं ते." पहिल्या उत्तरानं माझी झोप उडाली. दुसऱ्यानं मी गप्प झाले, कारण 'काही नसतं' हे मी कसं मानू? माझ्या छातीवर होतं ते.

ज्यांना अनुभव आहे, ज्यांना यातलं कळतं, त्यांनी लिहा. दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. फक्त थट्टा नको.

कंदील:

मलाही होतं. कॉलेजात होतो तेव्हापासून. आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

झोपमोड:

उत्तररात्र ताई, झोपेच्या तपासण्या होतात अशा ठिकाणी मी तंत्रज्ञ आहे. लोकांच्या डोक्याला, हनुवटीला, पायाला तारा लावायच्या आणि रात्रभर त्यांची झोप पडद्यावर बघायची, हे माझं काम. त्यामुळे 'काही नसतं' हे मला मुळीच पटत नाही. पुष्कळ काही असतं.

रात्रीची झोप एकसारखी नसते. साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन, अशी चार-पाच. प्रत्येकाच्या शेवटाकडे एक टप्पा येतो, त्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली हे जगापुढे मांडलं. ॲसेरिन्स्कींनी त्यासाठी स्वतःच्या लहान मुलाला तारा लावून रात्ररात्र नोंदी घेतल्या होत्या. याला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यातली. पडद्यावर तेव्हा मेंदूच्या लहरी जाग्या माणसाच्या लहरींसारख्या दिसतात, पण स्नायूंचा ताण टिपणारी हनुवटीची तार सपाट रेघ ओढत असते. कामाला नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, तार निसटली. उठून बघायला जायचो. तार जागेवरच असायची.

तुमचा न हलणारा हात म्हणजे तीच सपाट रेघ. फ्रान्समधल्या लिओं शहरात मिशेल जूव्हे यांनी १९५९ च्या सुमारास मांजरांवर प्रयोग करून दाखवलं, की या टप्प्यात मेंदूच्या देठातून स्नायूंना 'गप्प राहा' असा हुकूम जातो. तिथल्या एका छोट्या भागाला इजा केली तर झोपलेली मांजरं उठून नसलेल्या शिकारीवर झडप घालू लागली. म्हणजे स्वप्नात आपण पळतो तेव्हा खरोखर पळत सुटू नये, म्हणून शरीराला घातलेलं हे कुलूप आहे. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हलवतात, त्यांना ग्लायसिन आणि गाबा ही रसायनं दाबून धरतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला श्वासाचा पडदा, तेवढं मोकळं राहतं.

एरवी कुलूप निघतं आणि मगच जाग येते. कधीतरी हे उलटं होतं. जाग आधी येते, कुलूप मागाहून निघतं. मधला काळ काही सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा असतो. आत असलेल्याला तो तासाएवढा वाटतो.

आता छातीवरचं वजन. त्या टप्प्यात बरगड्यांमधले स्नायूही ढिले पडलेले असतात, श्वास जवळजवळ एकट्या श्वासपटलावर चालतो आणि उथळ असतो. तुम्ही घाबरून मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जाता आणि बरगड्या ऐकत नाहीत. जाग्या मेंदूला याचा एकच अर्थ लागतो, वरून कुणीतरी दाबतंय. वजन तुम्हाला जाणवलं ते खरंच जाणवलं. त्याचं मूळ मात्र तुमच्या बरगड्यांत होतं.

आणि पहाटच का? कारण आरईएमचे टप्पे सकाळकडे लांबत जातात. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, असं लोकांच्या सांगण्यातून पुन्हापुन्हा दिसलंय. या महिन्यात तुमच्या झोपेच्या वेळा बिघडल्यात का?

उत्तररात्र:

हो. महिनाअखेरीचं काम, रोज एक-दीड वाजतो झोपायला. आणि पहाटे साडेचारला एकदा उठून पुन्हा पडते.

झोपमोड:

ते 'पुन्हा पडते' लक्षात ठेवा. १९९२ साली जपानमधल्या संशोधकांनी ज्यांना असे झटके येतात अशा माणसांना प्रयोगशाळेत झोपेतून मुद्दाम उठवलं, थोडा वेळ जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. काहींना तारा लावलेल्या असतानाच झटका आला. झोप तुटली की माणूस पायऱ्या न उतरता थेट आरईएममध्ये पोचू शकतो, आणि मन अजून पुरतं झोपलेलं नसतं.

पिंपळपान:

झोपमोड, तुम्ही फार नीट समजावून सांगितलंत. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो शांतपणे ऐकावा ही विनंती.

मला हा अनुभव १९ वर्षं येतोय. हात का हलत नाही, ते तुम्ही सांगितलंत. मान्य. पण खोलीत 'कुणीतरी'च का असतं? स्वप्नं तर प्रत्येकाची निराळी. कुणाला परीक्षा दिसते, कुणाला गाडी चुकलेली दिसते. मग हातपाय जखडले की सगळ्यांना दाराकडून येणारं तेच कसं दिसतं? उत्तररात्रनी लिहिलेली दबणारी गादी वाचून माझ्या अंगावर काटा आला. मी हे कुठे वाचलं नव्हतं, कुणाकडून ऐकलं नव्हतं, आणि मला १९ वर्षं हेच होतंय.

शंभर माणसं एकाच जागी एकच गोष्ट पाहतात तेव्हा आपण म्हणतो, तिथे ती गोष्ट आहे. इथेच वेगळा न्याय का?

रेघोट्या:

पिंपळपान, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, आणि तो विचारणारे तुम्ही पहिले नाही. डेव्हिड हफर्ड नावाचे अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक आहेत. १९६३ च्या डिसेंबरात, विद्यार्थी असताना, ते खोलीत एकटे झोपलेले होते. दार उघडल्याचा आवाज आला, पावलं जवळ आली, काहीतरी छातीवर चढलं. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. काही वर्षांनी अभ्यासासाठी ते कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर गेले, तर तिथले लोक रात्री छातीवर बसणाऱ्या म्हातारीचं सांगत होते, ओल्ड हॅगचं. तपशील हुबेहूब त्यांच्याच खोलीतला. तोवर विद्वानांचं म्हणणं असं, की लोक आधी गोष्ट ऐकतात आणि मग त्यांना तसं दिसतं. हफर्डनी हे उलटं मांडलं. आधी अनुभव, त्यातून गोष्ट. गोष्ट कधीच न ऐकलेल्यालाही तोच अनुभव येतो, कारण ते स्वतः तसेच होते. १९८२ साली त्यांचं हे काम ग्रंथरूपात आलं.

मी गेली काही वर्षं या 'कुणीतरी'ची नावं गोळा करतेय. जपानमध्ये कानाशिबारी, शब्दशः धातूनं जखडणं. तुर्कस्तानात काराबासान, काळं दाबणारं. इराणात बख्तक. थायलंडमध्ये फी अम. ब्राझीलमध्ये पिसादेरा, लांब नखांची बाई, छपरावर दबा धरून बसते आणि भरल्या पोटी उताणं झोपलेल्याच्या छातीवर उतरते. या शेवटच्या वर्णनापाशी मी थांबते दर वेळी. उताणं झोपणं वाईट, हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी त्या लोकांनी बरोबर टिपलं होतं. निरीक्षण पक्कं, अर्थ तेवढा त्यांच्या काळाचा. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर'मधली 'मेअर'सुद्धा घोडी नव्हे, ती छातीवर बसणारी शक्तीच. आज तो शब्द कुठल्याही वाईट स्वप्नाला वापरतात, मुळात तो नेमका याच अवस्थेचा होता.

हेन्री फ्युसेलीचं १७८१ चं चित्र डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. पलंगावर मान आणि हात खाली लोंबलेली बाई, तिच्या छातीवर उकिडवा बसलेला ठेंगू प्राणी. बाई उताणी आहे. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा मला रडू आलं, कारण माझ्या आईनं हेच सांगितलं होतं आणि आम्ही भावंडं तिला हसलो होतो.

वैद्यांनी मात्र फार पूर्वीपासून याला रोग मानलंय. १६६४ साली डच वैद्य इस्ब्रांट व्हान डीमरब्रूक यांनी ५० वर्षांच्या एका बाईची नोंद ठेवली. झोपताना कधी तिच्यावर सैतान पडून असे, कधी मोठा कुत्रा, कधी चोर, आणि हातपाय हलत नसत. बघा, बाई एकच आणि पाहुणे तीन. म्हणून मी हफर्डच्या बाजूनं बरीच पुढे जाते, पण पिंपळपान, शेवटचं पाऊल तुमच्याबरोबर टाकवत नाही. वजन आणि चाहूल तीच राहते. चेहरा बदलतो.

झोपमोड:

रेघोट्या, हे 'चाहूल तीच, चेहरा बदलतो' अगदी नेमकं पकडलंत. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले ॲलन चेन यांनी हजारो लोकांचे अनुभव तपासले, तेव्हा त्यांनाही तीन गठ्ठे सापडले. एक, खोलीत कुणीतरी शिरल्याची जाणीव, पावलं, आवाज, सावली. दोन, छातीवर दाब, गुदमरणं, मरणाची भीती. तीन, तरंगणं, पडणं, शरीराबाहेर आल्यासारखं वाटणं. पहिले दोन बहुधा हातात हात घालून येतात. तिसऱ्यात भीती कमी, कधीकधी चक्क आनंद असतो.

पिंपळपान यांच्या 'कुणीतरीच का' याला माझ्याकडे सगळं उत्तर नाही, पण एक गोष्ट सांगतो. मिरगीवरच्या शस्त्रक्रियेआधी मेंदूत तारा ठेवून तपासणी करतात. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या ओलाफ ब्लांके यांच्या गटानं अशा एका २२ वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध केली. तिच्या डाव्या कानशिलाच्या वर-मागे, मेंदूचे दोन खंड जुळतात तिथे, अगदी हलकी वीज दिली की तिला मागे कुणीतरी असल्याचं जाणवे. ती आडवी असली तर ते तिच्याखाली आडवं. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर ते मागे बसून तिला मिठी मारतंय, आणि तिला ते नकोसं वाटलं. वीज बंद, की माणूस नाहीसा. तिला स्वतःला मात्र ते आपलंच प्रतिबिंब आहे हे ओळखता आलं नाही.

मेंदूचा तो भाग 'माझं शरीर इथे आहे' हा हिशेब ठेवतो. झटक्यात हाताला हुकूम जातो, पण हात हलल्याची पावती परत येत नाही. हिशेब विस्कटतो. आपल्याच शरीराचा नकाशा जागेवरून सरकून 'दुसरं कुणीतरी' होत असावा, असा तर्क आहे. त्यात भीतीचं केंद्र, अमिग्डाला, आरईएममध्ये आधीच तापलेलं असतं. माणसाचा मेंदू सगळ्यांचा सारखाच घडलेला, म्हणून शंभर जणांना तेच दिसतं. तर्क आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण मला तो सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

उत्तररात्र:

एक विचारते, हसू नका. यात माणूस जाऊ शकतो का? परवा वाटलं होतं, आता नाही सुटणार.

झोपमोड:

ताई, हसण्यासारखं काही नाही त्यात. हा झटका स्वतः जीव घेत नाही. श्वासपटल चालू असतं, प्राणवायू मिळत असतो.

रेघोट्या:

याच्याशी जोडून एक खरी घटना सांगितली जाते, ती अर्धवट कानावर आली तर भीती वाटेल, म्हणून पूर्ण लिहिते. लाओसमधून अमेरिकेत आलेल्या ह्मोंग निर्वासितांमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटाकडे चांगले धडधाकट तरुण झोपेत मरू लागले. १९८१ च्या सरकारी अहवालात आग्नेय आशियाई निर्वासितांचे असे ३८ मृत्यू होते, जवळजवळ सगळे पुरुष. ह्मोंग लोकांत छातीवर बसणाऱ्या दाब त्सोगची गोष्ट आहेच, म्हणून दोन्हींची सांगड बसली. पुढे १९९२ साली ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा आनुवंशिक दोष वर्णिला गेला आणि आग्नेय आशियातल्या अशा मृत्यूंचा त्याच्याशी संबंध दिसला. शेली ॲडलर या अभ्यासिकेचं म्हणणं असं, की दुबळ्या हृदयावर त्या भीतीचा आणि परक्या देशातल्या हतबलतेचा भार पडला असेल. ज्यांच्या कुटुंबात कुणी तरुणपणी अचानक झोपेत गेलंय, त्यांनी हृदयाचा आलेख (ईसीजी) काढून घ्यावा. बाकीच्यांनी हे भय डोक्यातून काढावं.

अर्धजागा:

थोडं वेगळं लिहितो, कारण माझ्यासारखा कुणी वाचत असेल तर त्याची वर्षं वाचतील.

मला हे झटके आठवड्यातून तीन-चारदा यायचे. शिवाय दिवसा झोप. साधी पेंग नव्हे, समोरच्याशी बोलताना वाक्याच्या मध्ये डोळे मिटायचे. आणि जोरात हसू आलं की गुडघे मोडायचे. एकदा पुतणीनं काहीतरी मजेशीर सांगितलं आणि हातातला पेला सुटून पडला, जबडा लटकला, मी शुद्धीत. घरच्यांनी आधी अंगात काही शिरलंय म्हणून उतरवायला नेलं. मग एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'टेन्शन' लिहून परत पाठवलं. सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हसल्यावर हात गळतात का?" मी तिथेच रडलो. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

नार्कोलेप्सी निघाली. जागेपण टिकवून धरणारं ऑरेक्सिन नावाचं रसायन मेंदूत बनतं, १९९८ मध्ये ते सापडलं. माझ्यासारख्यांत ते बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, म्हणून झोपेचं कुलूप भलत्या वेळी पडतं. औषधं चालू आहेत, गाडी चालवत नाही, दिवसा दोनदा ठरवून झोपतो. उत्तररात्र, तुम्हाला यातलं काही नसेल तर काळजी नको. कंदील, तुम्हाला दिवसा झोप आवरते का?

कंदील:

आवरते. हसल्यावरही काही होत नाही. मला फक्त परीक्षांच्या दिवसांत व्हायचं, आता रात्रपाळी बदलली की होतं. विचारलंत, बरं वाटलं.

झोपमोड:

रात्रपाळी आणि परीक्षा, दोन्ही नेमकी कारणं आहेत. २०११ साली ३५ अभ्यास एकत्र करून ३६ हजारांहून जास्त लोकांची आकडेवारी मांडली गेली. आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आलेले सर्वसाधारण लोकांत ७.६ टक्के, विद्यार्थ्यांत मात्र २८.३ टक्के. अपुरी झोप, अवेळी झोप आणि मनावरचा ताण, तिन्ही विद्यार्थ्यांच्या वाट्याला भरपूर.

पिंपळपान:

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. मिठी मारणाऱ्या सावलीचं दोनदा वाचलं. माझं मन अजून पुरतं मानत नाही, खोटं कशाला बोलू? पण मला एक सांगायचंय. मी देवाचं नाव घेतो आणि ते सुटतं. दर वेळी.

झोपमोड:

घेत राहा. मी मनापासून सांगतोय. बालंद जलाल या संशोधकांनी अशाच वेळेसाठी चार पायऱ्यांचा उपाय सुचवलाय. 'हे झोपेचं कुलूप आहे, जाईल' असं मनाशी म्हणायचं. 'म्हणून घाबरण्याचं कारण नाही' हे स्वतःला पटवायचं. मग लक्ष छातीवरून काढून आत कुठेतरी न्यायचं, एखादी प्रिय आठवण, प्रार्थना, काहीही. आणि शेवटी अंग सैल सोडायचं, हलायची धडपड करायची नाही, श्वास ओढायचा नाही. नार्कोलेप्सीच्या १० रुग्णांवर त्याचा लहानसा प्रयोग झाला, ज्यांनी हे केलं त्यांचे झटके बरेच कमी झाले. तुमचं नामस्मरण तिसऱ्या पायरीवर चपखल बसतं.

याच जलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्त आणि डेन्मार्क यांची तुलना केली. इजिप्तमध्ये अनेकजण याला जिनांचं काम मानतात. तिथल्या लोकांना झटके जास्त वेळा येत, जास्त लांबत, आणि मरणाची भीती जास्त वाटे. भीतीमुळे झोप तुटते, झोप तुटल्यानं झटका येतो, झटक्यानं भीती पक्की होते. म्हणून माझा राग देवाचं नाव घेणाऱ्यावर नाही. 'तुझ्या मागे लागलंय' असं सांगून घाबरलेल्या पोरीला आणखी घाबरवणाऱ्यांवर आहे, आणि अर्धजागांना उतरवायला नेणाऱ्यांवर आहे.

अर्धजागा:

धडपड करायची नाही हे खरं, पण मला एक छोटी हालचाल उपयोगी पडते. डोळे मोकळे असतात, म्हणून आधी डोळे डावी-उजवीकडे फिरवतो, मग फक्त पायाचा अंगठा. सगळं अंग एकदम उठवायला गेलो की वजन दुप्पट होतं.

झोपमोड:

पुष्कळजण हेच सांगतात. ज्याला जे लागू पडेल ते. आणि शेजारी झोपणाऱ्याला सांगून ठेवा, की श्वास वेगळा ऐकू आला तर हात लावून हलव. स्पर्शानं हे बहुधा लगेच सुटतं.

उत्तररात्र:

तीन आठवड्यांनी लिहितेय. बारापर्यंत झोपायला लागले, पहाटेचं उठणं बंद केलं. नवऱ्याला सांगून ठेवलंय. अठरा दिवस काही नाही, आणि परवा पुन्हा.

कुशीवर झोपले होते, कधी उताणी झाले कळलं नाही. तीच खोली, तोच पंखा. दाराकडून आलं. मला भीती वाटली, वाटली नाही असं नाही. पण मनात म्हटलं, हनुवटीची रेघ सपाट आहे. डोळे पंख्यावरून काढून नवऱ्याच्या खांद्याकडे नेले, आणि ते खरंच गेले! मग तिथेच ठेवले. त्याच्या शर्टाच्या शिवणीकडे बघत राहिले. गादीची कड दबली. बरगडीपर्यंत मात्र आली नाही. आणि सुटलं.

काल जाऊबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. छपरावरची बाई, डच वैद्य, सगळं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी बाळंतीण होते तेव्हा मला व्हायचं. दोन वर्षं. कुणाला सांगणार?" मी विचारलं, कुठून यायचं ते? त्यांनी तोंडानं काही सांगितलं नाही. आम्ही बसलो होतो त्या गादीच्या कडेवर तळहात ठेवला आणि हळूहळू दाबत आत आणला.